अर्ध्यातून उठलेला माणूस

"बाहेर पडायचं दार कुठल्या बाजूला हाय?"

डुबल साहेबांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. मी डावीकडे बोट दाखवलं. त्यांनी ते दार नीट पाहून घेतलं, खुर्ची आणि दार यांच्यामध्ये किती माणसं बसली आहेत हे मोजलं आणि म्हणाले, "मला कडेची खुर्ची दे."

"कडेचीच आहे, साहेब. मुद्दाम घेतलीय."

"मग बरं."

ते बसले. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची पँट, खिशाला दोन पेनं. रविवारचे पावणेचार वाजले होते. रात्रीची वेळ एका विनोदी नाटकानं आधीच अडवून ठेवल्यामुळे आमच्या लाडक्या बँडला आयुष्यातला शेवटचा कार्यक्रम दुपारी चारला करावा लागत होता. कोल्हापूरचं ते नाट्यगृह काळे टी-शर्ट घातलेल्या पोरापोरींनी गच्च भरलं होतं आणि त्यांच्यात डुबल साहेब तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखे दिसत होते.

बँडचं नाव होतं 'विनंती थांबा'. एस.टी.च्या रस्त्यावर पाटीवर लिहिलेलं असतं तेच. कराडच्या चार पोरांनी तो काढला होता, मराठीत रॉक वाजवायचे, आणि मी त्यांच्या मागे वेडी होते. ही गोष्ट चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, कराडच्या स्टँडवर आरक्षणाच्या खिडकीत बसायचे आणि सुट्ट्या साठवून साठवून त्यांच्या कार्यक्रमांना जायचे. बेळगाव, सोलापूर, बार्शी, जिथे असेल तिथे. मावसबहिणीच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा मी इचलकरंजीला पहिल्या रांगेत उभी होते. ती मावशी अजून माझ्याशी धड बोलत नाही.

तर अशी मी, बँडची खडान्‌खडा माहिती असलेली. गाणारा आदिनाथ चौगुले कुठल्या गाण्याआधी पाणी पितो, ड्रम वाजवणारा सुहास कुठल्या गाण्यात डोळे मिटतो, सगळं मला पाठ. फक्त माझ्यापासून दहा पावलांवर, गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलरच्या केबिनमध्ये बसणारे डुबल साहेब सुहासचे वडील आहेत, हे मला चार वर्षं माहीत नव्हतं. सुहास आडनाव लावायचा नाही आणि डेपोत हा विषय कुणी काढायचं नाही. मी त्या माणसासमोर बसून त्याच्याच मुलाची गाणी गुणगुणत होते, आणि त्यांनी कधी हूं की चूं केलं नाही. एकदा फक्त म्हणाले होते, "खबाले, आवाज कमी. रांगेतल्या लोकांना ऐकू येत न्हाई."

मला हे कळलं ते त्यांच्या बायकोकडून, कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी. सिंधूकाकी आरक्षणाच्या खिडकीशी आल्या आणि शेवटच्या दौऱ्याची वर्तमानपत्रातली बातमी काचेखालून आत सरकवली.

"वैजू, ह्याच्यातला ड्रमवाला माझा मुलगा हाय," त्या म्हणाल्या. "कार्यक्रम झाला की मंगळवारी दुबईला चाललाय. तिथल्या हॉटेलात वाजवायची नोकरी मिळालीय. तीन वर्षं येणार न्हाई. तू ह्यांना कार्यक्रमाला घेऊन जाशील का?"

मी थक्क झाले. रांगेतला एक माणूस सोलापूर सोलापूर करत होता, त्याला मी थांबायला सांगितलं.

काकींनी मग उभ्याउभ्या सगळं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी गणपतीत कराडच्या चौकात ह्या पोरांचा पहिला कार्यक्रम झाला. डुबल साहेब कामावरून परस्पर बघायला गेले आणि अर्ध्यातून उठून घरी आले. ते उठताना सुहासनं स्टेजवरून पाहिलं. पंधरा दिवसांत तो पुण्याला निघून गेला. तेव्हापासून बापलेकांत बोलणं म्हणजे 'जेवलास का' आणि 'गाडी किती वाजता' एवढंच.

"का उठून आले ते?"

"ते मला बी सांगितलं न्हाई अजून. सुहास म्हणतो, आप्पांना माझी लाज वाटली. आता बी म्हटलं, जायच्या आधी घरी येऊन जा, तर म्हणतो कशाला, त्यांना उगंच अवघडल्यावाणी हुतं." काकींनी पदरानं नाक पुसलं. "तीन वर्षं लई हुतात गं. माझं राहू दे, पण ह्या दोघांनी असं तुटून जाऊ नये."

"तुम्हीपण चला मग."

"मी आले की ते माझ्याआड लपतात. त्यांना एकट्यालाच ने."

बोलायला सोपं होतं. साहेबांना मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा ते "मला काय कळतंय त्यातलं" म्हणून माइककडे वळले आणि 'पंढरपूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागलेली आहे' असं स्वच्छ शुद्ध भाषेत सांगू लागले. चौथ्यांदा मी विचारलंच नाही. शुक्रवारी ड्युटी संपताना तेच खिडकीशी आले.

"येतो," ते म्हणाले. "पर एक हाय. मी मधीच उठलो तर अडवायचं न्हाई. आन् का उठलो ते विचारायचं न्हाई."

मी शब्द दिला. दुसरा इलाज नव्हता.

आणि म्हणून त्या दुपारी, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाला, मी स्टेजकडे कमी आणि डुबल साहेबांच्या गुडघ्यांकडे जास्त बघत होते. माणूस उठायच्या आधी गुडघे हलतात, हे मला रांगा बघून बघून कळलेलं.

मी माझ्या परीनं त्यांची सगळी तयारी करून घेतली होती. येताना एस.टी.त दोन तास शिकवणीच घेतली म्हणा ना. आवाज मोठा असेल, कानाला कापूस आणलाय. पोरं ओरडतील, ते कौतुकानं ओरडतात. मध्येच सगळे उभे राहतील, तुम्ही बसून राहा. आदिनाथ गाताना लोळेल, त्याला काही झालेलं नसतं. ते सगळ्याला मान हलवत होते. "आन् सुहास?" त्यांनी एकदाच विचारलं. "त्यो बी लोळतो का?"

"नाही साहेब. तो बसूनच वाजवतो."

"बरं."

पडदा वर गेला तेव्हा सुहास मागे उंचावर, ड्रमच्या ढिगाऱ्याआड बसलेला दिसला. आपले वडील आलेत हे त्याला माहीत नव्हतं. काकींनी सांगितलं नव्हतं आणि मीही नाही, कारण साहेब उठून गेले असते तर ते त्याला दुसऱ्यांदा दिसलं असतं. सुहासची दाट दाढी, मनगटाला फडकं बांधलेलं. त्यानं काठ्या वर उचलल्या आणि साहेबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

पहिल्या गाण्याला ते दगडासारखे बसले. दुसऱ्याला त्यांनी एका कानातला कापूस काढला. तिसऱ्याला दुसऱ्या कानातला काढला आणि दोन्ही बोळे माझ्या हातात दिले. मी ते मुठीत धरून बसले. एरवी मी तिसऱ्या गाण्याला घसा बसेपर्यंत ओरडायचे. त्या दिवशी माझ्या तोंडातून आवाज फुटला नाही. शेजारचा एक मुलगा म्हणाला, "ताई, बरं नाही का?" मी त्याला पुढे बघ म्हणून सांगितलं.

पाचव्या गाण्यात साहेबांचे गुडघे हलले. पण ते खुर्चीतच थोडे पुढे सरकले, बस.

नाट्यगृह म्हटलं की मध्यंतर आलंच, मग बँड असो नाहीतर भजन. दिवे लागले. मी चहा आणायला गेले, रांग लांब होती, आणि दोन कप घेऊन परत आले तर कडेची खुर्ची रिकामी.

मी तशीच उभी राहिले. शब्द दिला होता, अडवायचं नाही. पण शोधायचं नाही असं काही ठरलं नव्हतं, म्हणून कप खुर्चीखाली ठेवून मी बाहेर धावले. पायऱ्यांवर नाहीत, फाटकाशी नाहीत. मला रडूच कोसळायचं बाकी होतं. काकींना काय सांगायचं, हेही मी मनात जुळवायला लागले. तेवढ्यात ते मुतारीच्या बाजूनं रुमालाला हात पुसत आले.

"काय गं, अशी का पळतीस?"

"काही नाही साहेब. चहा गार होतोय."

"चल की मग." चालता चालता ते थांबले. "खबाले, ते मघाचं गाणं, रेल्वेवरचं. त्यात त्यो एक ठोका गाळतो दर खेपेला. चुकतो का मुद्दाम?"

"मुद्दाम. ती त्याची खासियत आहे. लोक त्या ठोक्याची वाट बघतात."

"आसं." त्यांनी मान हलवली. "चांगलं वाटतं ते. मोकळं वाटतं तिथं."

मला इतकं बरं वाटलं की मी गार चहा एका घोटात संपवला. आता काही होत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. निम्मी लढाई जिंकली होती. आणि मग मी जरा बेसावध झाले. चाहता बेसावध झाला की काय होतं, ते नंतर कळलं.

दुसऱ्या भागात मी गायला लागले. हात वर करायला लागले. साहेब एका पायानं फरशीवर हळूच ठेका धरत होते, ते मी पाहिलं आणि माझा उरलासुरला ताबा सुटला. एकामागोमाग गाणी होत गेली, आदिनाथ लोळला, पोरं ओरडली, आणि शेवटून तिसरं गाणं आलं.

त्या गाण्याचं नाव 'पायताण'. सुहासनं पहिला ठोका दिला, आणि आम्ही सगळ्यांनी नेहमी जे करायचो तेच केलं. पाचशे-सहाशे माणसं एकदम खाली वाकली, पायातल्या चपला काढल्या आणि दोन्ही हातांत एकेक धरून वर उचलल्या. कोल्हापुरात तर विचारू नका. जाडजूड, तेल पाजलेल्या कोल्हापुरी चपला. त्या एकमेकींवर आपटायच्या आधी क्षणभर डोक्यावर धरायच्या, अशी आमची रीत. नऊ वर्षांची रीत. ती आमच्या इतकी अंगवळणी पडली होती की कापसापासून लोळण्यापर्यंत सगळं साहेबांना सांगणाऱ्या मला हे एक सांगायचं सुचलंच नव्हतं.

मी वळून पाहिलं. साहेब माझ्याकडे बघत होते. माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या हातांकडे. दोन्ही हातांत चपला, दोन्ही त्यांच्या मुलाच्या दिशेनं उगारलेल्या.

"खबाले," ते म्हणाले. "तू बी?"

ते उठले.

मी अडवलं नाही. शब्द दिला म्हणून नाही, दोन्ही हात चपलांनी अडले होते म्हणून. मला वाटलं, झालं, गेले. पण ते डावीकडे, दाराकडे वळले नाहीत. ते सरळ पुढे निघाले. तीस वर्षं स्टँडच्या गर्दीतून वाट काढलेला माणूस, त्याला कोण अडवणार? पोरं आपोआप बाजूला होत गेली. स्टेजच्या पायऱ्यांशी दोन कार्यकर्ते होते. त्यांनी साहेबांची चाल बघितली आणि हे कुणीतरी मोठे दिसतात असं समजून हात जोडले. साहेब वर चढले, सुहासच्या ड्रमसमोर लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले.

साहेबांना ह्या चपला मारायला उगारल्यासारख्या वाटल्या, हे तोवर मला कळलं होतं. मी अनवाणी, चपला हातात धरूनच धावले.

आदिनाथ गाता गाता थांबला. गिटार थांबली. सुहासला पाठमोरा माणूस दिसत होता. त्याच्या काठ्या हवेतच राहिल्या. साहेबांनी आदिनाथच्या हातातला माइक काढून घेतला. माइक हातात आला की त्यांची भाषा बदलायची, तशी ती सवयीनं बदललीच.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," ते म्हणाले.

कुठूनतरी हसू फुटलं. साहेबांनी तिकडे पाहिलं आणि ते हसू जागच्या जागी विझलं.

"पायताणं खाली ठेवा. सगळ्यांनी." आता माइक असूनही आवाज गावाकडचा झाला होता. "नऊ वर्षं झाली. आजून तुमचा राग गेला न्हाई? पोरगं दुपारपासनं घाम गाळून वाजवतंय तुमच्यासाठी. न्हाई आवडलं तर दार त्या बाजूला हाय, गुमान घरी जावा. पर पायताण उगारायचं न्हाई. उगारायचंच असंल तर आधी माझ्यावर उगारा. बाप हाय मी त्याचा."

मागे कुणीतरी हळूच चपला खाली ठेवल्या. मग सगळ्यांनीच ठेवल्या. आदिनाथ काहीतरी समजवायला पुढे झाला, पण सुहासनं ड्रमआडून हात वर करून त्याला थांबवलं. तो उठला, वळसा घालून पुढे आला.

"आप्पा," तो म्हणाला.

साहेब वळले. त्यांनी पसरलेले हात अजून खाली घेतले नव्हते, एका हातात माइक तसाच. आदिनाथनं तो अलगद काढून घेतला आणि बंद केला. त्यापुढचं बोलणं स्टेजवरच्यांनी ऐकलं, आणि पायऱ्यांवर पोचले होते म्हणून मीही.

"आप्पा, ते मारत न्हाईत. टाळ्या वाजवतायत."

"पायताणानं?"

"व्हय. ह्या गाण्याला तसंच वाजवतात."

"कुणी काढली ही रीत?"

"तुम्ही उठून गेला त्या दिवशी निघाली," सुहास म्हणाला. "चौकात कुणीतरी पायताण फेकलं, ते आदिनाथच्या पायाशी पडलं. ते बघून तुम्ही उठला. बघितलं मी तुम्हाला. तुम्ही गेल्यावर आदिनाथनं ते उचललं. दुसऱ्या हातात स्वतःचं घेतलं आन् लागला ठेक्यात वाजवायला. मला काय सुचंना, मी बी तोच ठेका धरला. लोक हसले. मग त्यांच्यातल्याच चारदोघांनी काढून वाजवलं. शेवटी अख्खा चौक वाजवत हुता, आप्पा. ज्यानं फेकलं तो बी आला मागायला, माझं द्या म्हणून, मला बी वाजवायचंय."

ही गोष्ट आम्हा चाहत्यांना तोंडपाठ होती. पण आमच्या गोष्टीत, पायताण पडल्यावर उठून गेलेला बाप नव्हता. तो मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"अख्खा चौक?" साहेबांनी विचारलं.

"अख्खा चौक."

"कराडचा?"

"मग कुठला?"

साहेबांनी हात खाली घेतले.

"मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटली," सुहास म्हणाला. "म्हणून उठला."

"लाज वाटलीच की." साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुझी न्हवं. गावाची. जल्माचं गाव माझं. रोज त्याच्या गाड्या सोडतो, त्याच्या माणसांना गाडीत बसवतो. आन् त्या गावानं माझ्या पोराला पायताण मारलं. मला बघवलं न्हाई रे. घरी येऊन तुला काय सांगणार हुतो मी? माझ्याच गावानं तुला असं केलं म्हणून?"

"मला सांगायचं तरी."

"कसं सांगायचं ते सुचलं न्हाई. मग लई दिवस झाले, मग तर आजिबात सुचंना."

सुहासनं मान खाली घातली. त्याच्या हातात अजून काठ्या होत्या. त्या दोन्ही एका हातात घेऊन त्यानं दुसरा हात वडिलांच्या खांद्यावर ठेवला, जरा घाबरतच ठेवला, आणि साहेबांनी तो झटकला नाही. गिटारवाला दुसरीकडे तोंड करून गिटारच्या खुंट्या पिळत बसला, ज्या पिळायची काही गरज नव्हती.

"इथंच बसा, आप्पा," सुहास म्हणाला. "माझ्या शेजारी."

एका स्पीकरच्या खोक्यावर त्यांना बसवलं. साहेबांनी शर्ट नीट केला. तेवढ्यात त्यांना पायरीवर मी दिसले.

"खबाले, ते पायात घाल आधी."

"साहेब, माझंच चुकलं. मी सांगायला विसरले."

"व्हय, चुकलं," ते म्हणाले आणि पोराकडे वळले. "तू काय बघत बसलायस? वाजव की. लोक खोळंबलेत."

सुहास जागेवर गेला. आदिनाथनं माइक चालू केला आणि एवढंच म्हणाला, "सुहासचे वडील आहेत. काळजी करू नका, त्यांची परवानगी मिळालीय." मग जो आवाज झाला, तो मी त्यानंतर कुठल्याही कार्यक्रमात ऐकलेला नाही. सहाशे जोडी चपला एका ठेक्यात. छताची धूळ खाली पडते की काय असं वाटत होतं. एक कार्यकर्ता साहेबांना आग्रह करायला लागला, काका तुम्हीपण वाजवा. साहेबांनी त्याला स्पष्ट सांगितलं की पायताण पायातच शोभतं. पण ते शेवटपर्यंत तिथंच बसून होते, पोराच्या हातांकडे बघत.

मी पायऱ्यांवर बसून ढसाढसा रडले. मला लाज वाटली नाही. दुपारपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला होता, आणि रडताना मला हसूही येत होतं. लोक मला अजून विचारतात, तू त्यांच्या शेवटच्या कार्यक्रमाला होतीस ना, शेवटचं गाणं कसं झालं? मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. मी तेव्हा नाक शिंकरत होते.

पावणेसातला कार्यक्रम संपला. पोरं बँडच्या गळ्यात पडून रडत होती, फोटो काढत होती. मीही एरवी त्यांच्यात असते. त्या दिवशी मी दाराशी बाजूला उभं राहून काकींना फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला आणि काही विचारलंच नाही. मी म्हणाले, "काकी, सगळं चांगलं झालं. दोघं एकत्र येतायत." मग त्या म्हणाल्या, "बरं, बरं," आणि फोन ठेवून दिला.

सुहास म्हणत होता की बँडच्या टेम्पोतून तो आम्हाला कराडला सोडतो. साहेब म्हणाले, सव्वासातची गाडी आहे, सरकारी माणसानं टेम्पोतून कशाला जायचं. मग सुहासही एस.टी.नं आला. रविवारची गर्दी होती, तरी साहेबांमुळे आम्हाला जागा मिळाली. ते दोघं एका सीटवर आणि मी मागच्या सीटवर एका बाईच्या आणि तिच्या कोंबडीच्या पाटीच्या शेजारी.

कोल्हापूर सुटेपर्यंत दोघं गप्प होते. मला परत धास्ती वाटायला लागली. मग साहेबांनी विचारलं, "तिथं जेवायचं काय?"

"हॉटेलातच मिळतं, आप्पा."

"भाकरी?"

"भाकरी न्हाई मिळत."

"मग काय खाणार तू?"

तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. खोलीत किती जण, उन्हाळा किती, तब्येत बिघडली तर दवाखाना कुठला, दाढी करायला काय होतं, तिथले लोक ओरडतात का असे. सुहास आधी आदबीनं उत्तरं देत होता, मग वैतागून द्यायला लागला, मग दोघांत खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून चक्क वादावादी झाली. नऊ वर्षांचं तुंबलेलं बोलणं माझ्या पुढच्या सीटवर चाललं होतं आणि मला ते त्यांच्या कुठल्याही गाण्याइतकं गोड लागत होतं. पेठनाक्याच्या अलीकडे माझे डोळे मिटायला लागले.

"मंगळवारी विमान कधी हाय?" साहेबांनी विचारलेलं मला अर्धवट झोपेत ऐकू आलं.

"रात्री साडेनऊला. सकाळीच निघावं लागंल."

"मी येतो मुंबईपतुर."

"कशाला आप्पा, तुमची दगदग. आत सोडत बी न्हाईत तिथं."

"जिथपतुर सोडतात तिथपतुर येतो," साहेब म्हणाले. "मग बाहेर उभा राहतो. विमान दिसलं की घरी येतो."

थोड्या वेळानं सुहासनं हात लांब करून खिडकी बंद केली. वडिलांना वारा लागत होता.